बंदुकीवरचं नाव

मंडळी, आज मन लागून नाही राह्यलं.

बाबा इंग्रजांच्या पलटणीत होते, तिथं त्याईले ही बंदूक बक्षीस भेटली. ते गेले, म्हणून विकायचं ठरवलं. दुपारी नागपूरचा एक शौकीन मारेगावले आमच्या घरी आला.

दस्त्यावरची गुळगुळीत पितळी पट्टी पाहून म्हणे, "इथं बक्षीस भेटलेल्याचं नाव खोदलेलं असते. कुठं गेलं?"

आई दचकली. "मले वाचता कुठं येते? मले वाटे मळ हाय. दरसाल दसऱ्याच्या पूजेले चिंच-राखेनं घासत होते मी."

"तरी नेतो. सकाळी सांगा," म्हणून तो गेला.

ठेवावी तर आईले ती पट्टी रोज दिसन. विकावी तर हात धजत नाही. तुम्ही काय केलं असतं?

आईनं जन्मभर बाबांचं नाव तोंडानं घेतलं नाही. मघाशी हळूच विचारते, "कसं दिसे रे ते नाव?"