रंगनाथकाका आणि कड्यांची फळी

सोनईच्या बाजारपेठेत, किराणा दुकानाच्या माडीवर प्रज्ञाचा दवाखाना होता. गोळी नाही, सुई नाही, नुसता व्यायाम. त्यामुळे निम्म्या गावाला तो दवाखाना वाटतच नसे. मान न धरणारी बाळं, प्लास्टर निघालेली पोरं, गुडघे धरून बसलेल्या आज्या, सगळे तिच्याकडे येत आणि सगळे तिच्यावर चिडत.

प्रज्ञाचा जीव होता एका फळीत. सुताराच्या मागे लागून तिने ती करून घेतली होती. कडी, कोयंडा, कुलूप, नळाची तोटी, सगळं एकाच फळीवर ठोकलेलं. हात लुळा पडलेल्या माणसाने त्यावर रोज खटपट करायची, म्हणजे घरची कामं पुन्हा जमू लागतात. आल्यागेल्याला ती फळी दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

शनिशिंगणापूरचे रंगनाथकाका आले आणि या फळीची पार शोभा झाली. काकांच्या उजव्या हातावरून वारं गेलं होतं. बोटं हलत, पण पकड नव्हती. प्रज्ञाने कौतुकाने फळी पुढे सरकवली.

"काका, ही कडी उघडा बरं."

काकांनी फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम, आमच्या घराला दारच न्हाई. कडी उघडू कशाची?"

बाकावरची छबूबाई आपला गुडघा विसरून हसली.

"मग नळ फिरवा."

"त्यो सूनबाई फिरवती."

प्रज्ञाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काका रोज येत आणि फळीकडे पाठ करून बसत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मग या हाताने तुम्हाला करायचंय तरी काय?"

हे खरं तर पहिल्याच दिवशी विचारायचं असतं. पण फळीच्या प्रेमात ती ते साफ विसरली होती.

काका म्हणाले, "धाकट्या लेकीचं, राजनंदिनीचं लगीन हाय. साऱ्या गावाच्या नवरदेवांना मी फेटं बांधलं. आन् माझ्या जावयाला परका मानूस बांधनार व्हय?" आणि हा एवढा खमका माणूस पंच्याने डोळे पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी फळी पलंगाखाली गेली आणि फेट्याचं कापड आलं. बांधायला डोकं हवं म्हणून प्रज्ञाने स्वतःचं दिलं. पहिला फेटा थेट तिच्या नाकावर उतरला. "खांदा उचलू नका, मनगट वळवा," ती फेट्याआडून ओरडत होती. मग बाकावरच्या सगळ्यांचा नंबर लागला. छबूबाई आधी नको नको म्हणाली, मग फेटा काढेच ना. तशीच बाजार करून घरी गेली. जिना चढून येणारा नवा पेशंट विचारी, "लग्न कोणाचं आहे?"

हळूहळू लुळी बोटं कापडाच्या चुण्या धरू लागली.

लग्नात काकांनी जावयाला फेटा बांधला. तो जरासा डावीकडे कलला होता. सगळ्यांना दिसला, पण कुणी बोललं नाही. छबूबाईसुद्धा नाही, यावरून काय ते समजा. प्रज्ञाने मात्र पंगतीत बसून मनसोक्त रडून घेतलं.

पुढच्याच महिन्यात काका पुन्हा जिना चढून आले. एकटेच.

"मॅडम, ती फळी काढा."

"आता कशाला? दार नाही ना तुमच्या घराला?"

"लेकीच्या हाय." काकांनी खिशातून किल्ली काढली. "नगरात फ्लॅटात ऱ्हाती. म्हनली, आबा, मी हापिसात असले तरी कवाबी या, घर तुमचंच हाय. काल गेल्तो. डाव्या हातानं दार वढून धरायचं, तवा उजव्यानं किल्ली फिरती. लई झटलो, फिरंना. शेजारीन चोर समजली मला! शिंगनापूरच्या मानसाला चोर, मॅडम!"

प्रज्ञाला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत.

"सांजंला पोर आली, तर बाप पायरीवर बसलेला. रडली ती."

प्रज्ञाने निमूटपणे पलंगाखालून फळी ओढली आणि ओढणीने पुसली. काकांनी उजव्या हाताने कुलूप धरून पाहिलं.

"खांदा उचलायचा न्हाई, व्हय ना?" म्हणाले, आणि कामाला लागले.