झेरॉक्सवाल्या बाई

तीन प्रकाशकांनी परत पाठवलेली कादंबरी चौथ्याला पाठवून पाहायची, तिथूनही परत आली तर लिहिणं सोडायचं, असं ठरवून मी बाभुळगावच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई अंगठा जिभेला लावून पानं उलटत आणि मशीन चालू असताना वाचतही. गावाचे दाखले, खरेदीखतं, सगळं त्यांनी असंच वाचलेलं. बाराव्या पानावर त्या म्हणाल्या, "भाऊ, नुसतं आभाळच चालून राह्यलं. माणूस कवा येईन?"

माझे मित्र यालाच चिंतनगर्भ म्हणत. घरी येऊन मी बाराही पानं फाडली.

महिन्याभराने नवी पानं नेली. दुसऱ्याच पानावर त्यांनी मशीन थांबवलं. मागची रांग कुरकुरू लागली. पानावरून नजर न काढता बाई म्हणाल्या, "थांबा ना जी! गोष्टीतली पोरगी घर सोडून निघाली. कुठी जाते, ते तं पाहू द्या!"