घोट्याला बांधलेलं वजन

माझे गुडघे झिजले, तेव्हा सर्वांत आधी मला राग आला तो खुर्चीचा. जमिनीवर बसून मासे साफ करणारी, सजद्यातून सहज उठणारी मी, नमाजही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पढू लागले. नवरा मस्कतची नोकरी संपवून पूर्णगडला कायमचा परतला होता. त्याने माझ्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. "तू बसून राहा," एवढंच त्याचं पालुपद.

बसून बसून पायांतलं उरलंसुरलं बळही गेलं. शेवटी रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे पाहिला, ऑपरेशन इतक्यात नको म्हणाले आणि मांड्यांची ताकद वाढवायला फिजिओथेरपीकडे धाडलं. तिथली मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधली.

"अगं, दुखतं म्हणून आले, आणि तू वजन बांधतेस?"

"मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो, मावशी. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं उतरलं नाही किंवा सूज आली, तर वजन कमी करा. पण सोडू नका."

सोडू नका म्हणणं तिला सोपं होतं. घरी रोज सकाळी खुर्ची भिंतीला टेकवायची, पाय सरळ करून धरायचा, हळूच खाली आणायचा, मग हात न टेकता उठायचं, बसायचं. घाम फुटायचा आणि फरक काही दिसेना. त्यात नवरा दारात उभा राहून "हळू, हळू" करायचा. त्या "हळू"ने डोकं फिरायचं.

अशात नाटे गावाहून मोठी नणंद आली. माझ्या पायाला पिशवी पाहून तिने कपाळावर हात मारला.

"झिजलेलं हाड आणखी झिजवतेस? सोड ते!" म्हणत तिने खाली वाकून स्वतःच पट्टा सोडला.

"आपा, गुडघा माझा आहे!" माझा आवाज चढलाच.

ती दुखावली, जेवायला बसेना. नवऱ्याने मलाच माफी मागायला लावली. मी मागितली आणि त्या रागात व्यायामच बंद केला. नुकसान झालं ते माझंच. पावसाळा सरता सरता एका सकाळी मला न्हाणीची पायरी उतरता येईना. भिंत धरून उभी राहिले आणि नवऱ्याला हाक मारली. तो आला, "हळू"ही न म्हणता हात दिला. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच दुपारी मी पिशवी शोधून काढली.

"आता दारात उभं राहायचं असेल, तर तुम्हीही खुर्ची आणा आणि माझ्यासोबत उठबस करा," मी त्याला बजावलं. तो परत काही दारात आला नाही.

परवा तपासणीला जाताना एसटीची उंच पायरी मी दांडा धरून एकटी चढले. गुडघा दुखला, पण चढले. रत्नागिरीत माझी उठबस पाहून ती मुलगी खूश झाली. मला वाटलं, सुटले एकदाची. तर तिने कपाटातून जाडजूड पिशवी काढली.

"आता वजन वाढवू या."

"अगं, हे संपणार कधी?"

"संपत नाही, मावशी. चालूच ठेवायचं असतं."

डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. तिच्याकडे न बघता मी पाय पुढे केला.