पायथ्याचा ढीग

फुटलेल्या काळ्या दगडाचा वास आला की करमाडजवळचा तो डोंगर आठवतो. नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडलं, म्हणून भूगर्भशास्त्र शिकणारा मी गावी आलो होतो. नव्या कारखान्यांसाठी डोंगराचा पायथा फोडत होते आणि मावशी तिथं खडी उचलायची. पायथ्याशी दगडमातीचा मोठा ढीग होता, तो म्हणजे फार पूर्वी कोसळलेली डोंगराची अख्खी बाजू, हे मी ओळखलं. म्हणालो, "मावशी, हजारो वर्षांपूर्वी हा डोंगर इथंच कोसळलाय. खालून खोदलं की वरचं पुन्हा घसरंल. नको जाऊ." ती हसली, "हजारो वर्षं निजलाय म्हणतोस ना? मग आताच कशाला उठंल त्यो?" मलाही हसू आलं आणि मी तिला जाऊ दिलं. चौथ्या दिवशी दरड सुटली, मावशी तिच्याखाली गेली. आता मी वर्गात दरडी शिकवतो. पोरं विचारतात, "सर, आधी कळतं का?" मी म्हणतो, कळतं.