दाखल्यापुरती चूल

लेकीला भोरच्या कॉलेजात डिप्लोमाला जागा मिळाली, तेव्हा फीची सवलत मिळेल हे मी धरूनच चाललो होतो. हिर्डोशीकडच्या आमच्या वाडीत भात आणि नाचणी सोडून पिकतं काय? पण तलाठ्यांनी रेशनकार्ड उघडलं आणि मान हलवली. कार्डावर आम्ही दोघे भाऊ एकत्र. थोरले दादा शिरवळला कंपनीत कायम कामाला. त्यांचा पगार आमच्यात धरला की सवलत गेली, आणि सवलत गेली की लेक घरी बसणार.

"कार्ड वेगळं करा," तलाठी म्हणाले. "पण चूल वेगळी दिसली पाहिजे. माणूस बघायला येईल."

मी घरी हे सांगितलं तेव्हा दादा दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, "म्हंजी सरकारला आपलं भांडण लावूनच पायजे."

वहिनी हसल्या. "मांडा की मागच्या पडवीत तीन दगडं. पोरगी शिकतीय, दोन दिसांचं सोंग करायला काय जातंय?" दगड त्यांनीच निवडले. सारवलंही त्यांनीच.

तलाठ्यांनी धाडलेला कोतवाल आला. चुलीत वाकून बघून म्हणाला, "राख लई नवी दिसतीय."

"आमी बी नवंच वेगळं झालोय," बायको म्हणाली.

"मंग च्या कुणाकडं घेऊ?"

"दोन्हीकडं घ्या," वहिनी म्हणाल्या. "पंचनामा पक्का हुईल."

सगळे हसलो. दादा तेवढे कामावर होते.

कार्ड वेगळं झालं, उत्पन्नाचा दाखला मिळाला, सवलत लागली. मी म्हणालो, आता चूल मोडू. बायको म्हणाली, "मोडा. पण दाखला पुढच्या वर्सी बी लागंल न्हवं?" तेही खरंच होतं. चूल राहिली. लेक पहिल्या एसटीने जायची, म्हणून तिच्या डब्याची भाकरी तिथे होऊ लागली. मग माझा चहा. मग रात्रीची आमटी. कुणी काही ठरवलं नव्हतं.

लिहायला जड जातं ते हे, की मला ते बरं वाटत होतं. दादांची वाट न बघता जेवता येत होतं. वहिनी सुरुवातीला वाटीत कालवण पाठवायच्या. बायको ती वाटी रिकामी परत देत नसे. शेजाऱ्याची देतात तशी, काहीतरी घालून द्यायची. घरातल्या घरात कुणी असं करत नाही. मला ते दिसत होतं. पुढे वाटी येणंच थांबलं.

आता लेकीचं शेवटचं वर्ष आहे. दरवर्षी तेच कागद, तेच हेलपाटे, सर्व्हर बंद म्हणून रिकाम्या हाताने परत येणं; मी थकलो आहे. यंदा भोरच्या कचेरीने, आम्ही वेगळे राहतो असा दादांचाही जबाब मागितला. ते ओट्यावर बसले होते. न वाचताच सही केली आणि कागद हातात देताना म्हणाले, "आजून किती वर्सं?"

"हे शेवटचं, दादा."

"मंग जेवाय हिकडं येशील?"

"येतो की. आजच येतो."

"आजचं न्हाई इचारलं म्या."

मागच्या पडवीत बायको भाकरी थापत होती, तो आवाज आम्हा दोघांनाही येत होता. मी कागदाची घडी घातली. कचेरी बंद व्हायच्या आत भोर गाठायचं होतं. तेवढंच मी त्यांना सांगितलं.