सात राजीनामे
बर्मिंगहॅममधल्या या हॉलचं दार उघडलं की फ्लोअर पॉलिशचा वास नाकात जातो आणि तो रविवार आठवतो. मी आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी. दरवर्षी जयंती झाली की सगळ्या खुर्च्या एकट्याने रचून घरी यायचो आणि चिडून राजीनाम्याचा मेल लिहायचो. पाठवायचा धीर होत नसे, म्हणून ‘नंतर पाठवा’ दाबून झोपायला जायचो; मेल आउटबॉक्समध्येच पडून राहायचा. त्या रविवारी मुलीने माझे सगळे मेल जुन्या प्रोग्रॅममधून नव्या प्रोग्रॅममध्ये हलवले. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, “बाबा, आउटबॉक्समध्ये सात मेल स्टक होते. डोन्ट वरी, सगळे सेंड केले.” चहा तसाच ठेवून स्क्रीनवर पाहिलं, सातही गेले होते. पण खरं सांगतो, मागोमाग वाटलं, सुटलो एकदाचा! तासाभरात अध्यक्षांचा फोन आला. “अहो, सातही राजीनामे मिळाले. विषय गंभीर आहे, कमिटीची मीटिंग घ्यावीच लागेल. तेवढी नोटीस काढा, आणि हॉल बुक करा.” नव्या प्रोग्रॅममधून मी स्वतः पाठवलेला पहिला मेल म्हणजे ती नोटीस. आज पुन्हा जयंती आहे, आणि हॉलची किल्ली माझ्याच खिशात आहे.