रोझमांयचं गाऱ्हाणं

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. अख्खं चर्च चिडीचूप बसलेलं असताना उभा राहून एकटाच ओरडणारा माणूस कधी पाहिलाय? बघून घ्या. हा काय, तुमच्यासमोरच बसलाय!

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरचा. नोकरी वास्कोला, बंदरावर. म्हणून तिथंच रोझमांयच्या घरात वरची खोली भाड्याने घेतलेली. रोझमांय सत्तरीची, एकटी. भाडेकरू म्हणून ठेवलं आणि महिन्याभरात लेक करून टाकलं. चतुर्थीला गावी निघालो की माझ्यापेक्षा तिचीच धांदल जास्त.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी सक्त ताकीद दिली, "मांय, यापुढे दिंबी घालायची नाही." दिंबी घालणं म्हणजे गुडघे टेकणं. झालं! म्हातारीचं तोंडच उतरलं.

"पुता, देवामुखार हांव खुर्चेर बसूं? तो कितें म्हणटलो?"

"काय म्हणणार? बस म्हणेल!"

"तुका कळना रे," म्हणाली आणि डोळे पुसले. साठ वर्षं त्याच्यापुढे गुडघे टेकलेली बाई ती. आता खुर्चीवर बसलं तर आपण उर्मट झालो असं देवाला वाटेल, ही तिची खरी भीती. दोनदा तर तिला खाटेचा दांडा धरून चोरून दिंबी घालताना मीच पकडलं. ओरडलो तर म्हणते, "डॉक्टराक सांगूं नाका हां!"

एका संध्याकाळी तिला रिक्षात घालून चर्चमध्ये नेलं. त्या दिवशी आराधना होती. वेदीवर सोनेरी किरणांचं एक पात्र ठेवलेलं, मधोमध पांढरीशुभ्र गोल भाकरी. त्यांच्यासाठी ती नुसती भाकरी नव्हे, साक्षात येशू. सगळे गुडघ्यावर. फक्त रोझमांय खुर्चीवर, आणि तिच्या बाजूला मी.

आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून मी वाट बघतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाद्री गप्प, माणसं गप्प, साधा खोकला नाही! मला घाम फुटला. अहो, आमच्या पेडण्यात देवापुढे गप्प बसतात का कधी? मानकरी उभा राहतो, खड्या आवाजात आपलं गाऱ्हाणं घालतो, आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतो. त्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचतच नाही!

बाजूला बघतो तर रोझमांयच्या गालावरून पाणी वाहतंय. म्हटलं, बिचारीचं गाऱ्हाणं घालायला इथं कुणीच कसं नाही?

मग काय! उठलो, हात जोडले आणि लावला आवाज.

"बा देवा म्हाराजाऽऽ! ही तुझी लेक रोझमांय आज खुर्चेर बसली हा, ता काय मस्तीन न्हय म्हाराजा! तिच्या गुडघ्याचा आपरेशन झाला हा! तरी घरात चोरून दिंबी घालता, ता तू बघतसच! काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि तिचो गुडघो सांबाळ, रे म्हाराजा!"

आणि थांबलो. कशासाठी? साथीसाठी! कुणी साथ देईना. दोनशे डोळे माझ्यावर. आता अर्धवट गाऱ्हाणं सोडायचं कसं? शेवटी माझं मीच म्हणून टाकलं, "व्हय म्हाराजा!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात माझ्या कोपराजवळ बारीक आवाज आला, "आमेन." रोझमांय! मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन." आणि मग सगळं चर्च म्हणालं, "आमेन!" पाद्री मान खाली घालून होते, पण खांदे हलत होते त्यांचे.

दुसऱ्या रांगेतली एक बाई मात्र हळूच वळली. डॉक्टरबाई!

"चोरून दिंबी घालता काय, मांय?" बाहेर आल्यावर त्यांनी गाठलंच. आता त्या दर रविवारी स्वतः तिला हाताला धरून खुर्चीवर बसवतात.

रिक्षात मी कान पकडले. "मांय, चुकलो. पण तू रडत का होतीस? काय मागत होतीस?"

"मागपाक वचूंक नासलें रे पुता. ताका पळोवपाक गेल्लें. हांव ताका पळयतालें, तो म्हाका पळयतालो. खुर्चेर बशिल्लें तरी पळयतालो!" आणि माझा हात दाबून हसली.

पळोवप म्हणजे बघणं. नुसतं बघायला म्हणून देवाकडे जायचं? जन्मात एकदासुद्धा काही न मागता देवळाची पायरी चढलो नव्हतो मी. मनाला लागलं हो ते.

पुढल्या शनिवारी गावी गेलो तो सरळ देवळात. ठरवलं होतं, आज मागायचं नाही, फक्त बघायचं. देवासमोर उभा राहिलो, एकटक, गप्प. काय बरं वाटत होतं म्हणून सांगू! डोळे भरून आले.

मागे कुजबूज सुरू झाली. "ह्येका काय झाला रे? बोलत कसो नाय?" मानकरी काका धावत आले, त्यांनी माझं तोंड न्याहाळलं आणि हात जोडून खडा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या लेकराची वाचा गेली हा, ती परत दी, रे म्हाराजा!"

अख्खं देऊळ गरजलं, "व्हय म्हाराजा!"

आणि त्या सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता म्हणता? माझा!